जखमी वाघीण

माइकवरून ऐकलेलं एक वाक्य गेलं वर्षभर माझा पिच्छा सोडत नाही. मिरजेहून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात यात्रेनिमित्त महिलांच्या कबड्डी स्पर्धा होत्या. जानेवारीतली रात्र. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत हॅलोजन, त्यांच्या उजेडात तरंगणारी बारीक माती, मागच्या उसातून येणारा ओलसर गारठा आणि भेळेच्या गाड्यावर चिरलेल्या कांद्याचा वास. माझ्याकडे उपचाराला येणारी एक मुलगी त्या रात्री खेळणार होती, तिनं आग्रह धरला म्हणून मी गेले होते. उपांत्य सामना रंगात आला होता. सतराएक वर्षांची एक सडपातळ चढाईपटू बोनस घेऊन वळली आणि डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला. अंग मध्यरेषेकडे फिरलं, पाऊल मात्र जागच्या जागी राहिलं. ती पडली ती गुडघा दोन्ही हातांनी आवळूनच. मी खाली उतरून तिच्यापाशी गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'आतनं टक्क झालं मॅडम.'

फिजिओथेरपीच्या कामात हा 'टक्क' इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की तो ऐकला की पोटात गोळाच येतो. मी प्रशिक्षकांना म्हटलं, हिला आता खेळवू नका, लिगामेंट गेलं असायची दाट शक्यता आहे. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. स्वतःच्या पगारातून मुलींना बूट घेऊन देणारे, रात्री उशीर झाला तर एकेकीला घरापर्यंत सोडणारे. पण संघ चार गुणांनी मागे होता आणि राखीव मुलींत चढाई करणारी कुणी नव्हती. त्यांच्या एका हातात स्प्रे होता, दुसऱ्या हातात क्रेप बँडेज. 'मॅडम, पाचच मिनिटं राहिल्यात,' ते म्हणाले. आणि ती मुलगीच उठली. 'जाते मी सर.' तिनं मैदानात पाऊल टाकलं आणि माइकवाल्याला चेव चढला. 'जखमी वाघीण पुन्हा मैदानात! होऊ द्या टाळ्या!' अख्खं मैदान उभं राहिलं. शिट्ट्या, हलगी, टाळ्या. कुणीतरी जागेवरून पाचशे एक रुपयांचं रोख बक्षीस पुकारलं. दोन चढाया तिनं लंगडत काढल्या. तिसऱ्या वेळी तिला कुणी हातही लावला नव्हता. ती नुसती वळली आणि गुडघ्यानं तिला खाली टाकलं.

ते पाचशे एक रुपये तिला दिले तेव्हा ती दोन मैत्रिणींच्या खांद्यांवर हात टाकून एका पायावर उभी होती.

गुडघ्याच्या आत मांडीच्या हाडाला आणि नडगीच्या हाडाला बांधून ठेवणारी तीनएक सेंटिमीटर लांबीची एक पट्टी असते. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात, आमच्या भागात सगळे सरसकट 'लिगामेंट' म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणं आणि पाय रोवलेला असताना गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणं हे तिचं काम. सरळ चालताना तिची फारशी गरज लागत नाही, म्हणून तर ती तुटलेली मुलं दोन-तीन आठवड्यांत चालू लागतात आणि घरचे म्हणतात, बरं झालं की. गरज लागते ती वळताना, उडी मारून उतरताना, एकदम थांबताना. म्हणजे कबड्डीत क्षणोक्षणी. ती तुटली की दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्तस्राव होतो. मुरगळलेल्या घोट्याची सूज आणि ही सूज यातला फरक खेळणाऱ्या प्रत्येक पोरीला, पोराला आणि त्यांच्या आईला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. पडताना आवाज आला, खेळ पुढे चालू ठेवता आला नाही आणि झोपायच्या आत गुडघा भरून आला, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर चोळाचोळ न करता डॉक्टर गाठायचा.

सूज जरा ओसरल्यावर तिला माझ्याकडे आणलं. या तपासणीला यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणं झोपवायचं, गुडघा किंचित वाकवायचा, एका हातानं मांडी पक्की धरायची आणि दुसऱ्या हातानं नडगी हलकेच पुढे ओढायची. धडधाकट गुडघ्यात नडगी जराशी सरकते आणि थांबते. ते थांबणं हाताला स्वच्छ कळतं. आधी तिचा चांगला पाय तपासला. थांबला. मग दुखरा. नडगी पुढे येत राहिली, मऊ मऊ येत राहिली, आणि जिथं अडायला हवी तिथं अडलीच नाही. ती छताकडे बघत होती, तिचे वडील माझ्या चेहऱ्याकडे. पुढे एमआरआयमध्ये एसीएल तुटल्याचं दिसलंच, शिवाय आतली गादीही फाटल्याचं दिसलं. लिगामेंट नसलेला गुडघा असा सटकतो तेव्हा दोन हाडांमधली गादी चिरडली जाते, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. गादी नेमकी पहिल्या पडण्यात फाटली की त्या टाळ्यांनंतरच्या, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. मला मात्र तो प्रश्न सोडत नाही.

आमच्याकडे दुखापतीला मान आहे. कोल्हापूर-सांगलीकडे वाढलेल्या कुणालाही पैलवानाचा मोडलेला कान दुरून ओळखता येतो. घासून, दबून, आत रक्त साकळून तो तसा गाठीगाठीचा होतो आणि मग जन्मभर तसाच राहतो. लहानपणी आम्ही त्या कानांकडे आदरानं बघायचो. माझे आजोबा तालमीत जायचे. मुलींना आत मज्जाव होता, पण दुपारी डबा द्यायला गेलं की दारात उभं राहून बघता यायचं. ती लाल माती, तिच्यात मिसळलेल्या ताक, तेल, हळद, लिंबाचा आंबूस वास, ओलसर अंधार आणि मातीवर आपटणाऱ्या अंगांचा धप्प आवाज. माती रोज उकरायची, खडा दिसला तर वेचायचा, मग सपाट करायची. मैदानाची एवढी निगा मी पुढे फार कमी ठिकाणी बघितली. एकदा एक तरणा पोरगा लंगोट कसून आला आणि वस्तादांनी त्याला दारातच थांबवलं. तो काही बोलला नव्हता, लंगडतही नव्हता. त्यांनी फक्त त्याचं पाऊल टाकणं बघितलं आणि म्हणाले, 'आज तू मातीत उतरायचं नाहीस. बस तिकडं आणि बघ.' पोरगा हिरमुसला, पण बसला. त्याच्या बसण्याला कुणी हसलं नाही. तालमीत वस्तादांचा शब्द पैलवानाच्या हिमतीपेक्षा मोठा होता, आणि त्यामुळे 'नाही' म्हणायची वेळ पोरावर येत नव्हती.

त्या रात्री मैदानावर अशा शब्दाचा धनी कुणी नव्हता. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, पंचांना वेळ सांभाळायची असते, मंडळाला कार्यक्रम पार पाडायचा असतो. सतरा वर्षांच्या मुलीनं हजार माणसांसमोर 'मी नाही खेळत' म्हणावं अशी अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला कळ किती आहे ते तिलाही त्या क्षणी कळत नसतं. अंगात खेळ असतो, वरून स्प्रे मारलेला असतो. स्प्रेनं कातडी गार पडते आणि वेदना काही मिनिटं बधिर होते. आतलं तुटलेलं तसंच असतं. तरीही सामन्यासामन्यात मी बघते, स्प्रेचा फवारा उडाला की लोकांना वाटतं उपचार झाला.

जुनं सगळं सोन्यासारखं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच तालमींच्या आसपास हाड बसवणारे होते, अजूनही आहेत. पडलेल्या पोराला उचलून थेट त्यांच्याकडे न्यायचं, त्यांनी पाय ओढायचा, तेल लावून रगडायचं, 'लचक भरलीय, बसवली' म्हणायचं. घोटा मुरगळला असेल तर तो आठवडाभरात आपोआपही बरा होणारच असतो, मग नाव त्यांचं होतं. पण कोपराला मार लागलेल्या लहान मुलांचे हाल मी बघितलेत. दुखावलेला कोपर जोरानं चोळला, हिसके देऊन सरळ करायला गेलं, की कोपरापुढच्या स्नायूतच हाड धरायला लागतं. ते पोर मग सहा महिन्यांनी आमच्याकडे येतं तेव्हा त्याचा हात घास तोंडापर्यंत नेण्याइतकाही वाकत नाही. पहिले दोन-तीन दिवस रगडणं नाही, शेक नाही. हलकं बांधा, पाय उंचावर ठेवा, बर्फानं बरं वाटत असेल तर रुमालात गुंडाळून थोडा वेळ लावा. आणि नंतर पडून राहू नका, सोसेल तेवढी हालचाल करत राहा. महिनाभर अंथरुणावर पडून राहण्यानं जे नुकसान होतं ते रगडण्याइतकंच वाईट. एवढं साधं आहे, पण साधं असल्यामुळेच ते कुणाला पटत नाही.

खरं तर त्या रात्रीची दुखापत संध्याकाळीच सुरू झाली होती. मुलींचा सामना आठला होता. आठला त्यांनी मैदानामागच्या मोकळ्या जागेत धावून, उड्या मारून अंग तापवलं. मग पाहुणे आले, सत्कार झाले, नारळ, शाली, भाषणं. आधीचे पुरुषांचे दोन सामने लांबले. मुली स्वेटर घालून सतरंजीवर बसून राहिल्या, कुणी डब्यातली पोळी खाल्ली, कुणी मैत्रिणीच्या मांडीवर डोकं टेकलं. सामना सुरू झाला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. नाव पुकारल्यावर त्या स्वेटर काढून थेट मैदानात शिरल्या. थंडीत तीन तास बसून कडक झालेले स्नायू, पेंगुळलेले डोळे, दिवसभरात त्याआधी झालेला एक सामना. दमलेलं अंग उशिरा सावरतं. घोटा धरला गेल्यावर एरवी जी मुलगी क्षणात गुडघा वाकवून खाली बसली असती आणि पीळ वाचवला असता, ती त्या वेळी ताठ पायानं फिरली. सत्काराला माझा विरोध नाही. फक्त प्रत्येक संघाला आपली खरी वेळ अर्धा तास आधी सांगा आणि पंधरा-वीस मिनिटं अंग तापवायला कडेची पट्टी मोकळी ठेवा, एवढंच मी जिथं जाते तिथं सांगते.

अंग तापवणं म्हणजे आपल्याकडे दोन फेऱ्या मारायच्या, मग वाकून बोटांनी पायाचे अंगठे धरायचे, असं समजतात. तसं उभ्या उभ्या ताणून धरण्यानं दुखापती टळतात याला फारसा आधार नाही. ज्याला भक्कम आधार आहे ते वेगळं आहे. फुटबॉलसाठी २००६ साली 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार झाला. धावणं, तोल सांभाळणं, मांडीमागचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं, आणि मुख्य म्हणजे उडी मारून नीट उतरायला शिकणं. साहित्य काही लागत नाही, लागलाच तर चेंडू. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या जवळपास १,९०० मुलींवर त्याचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापतींचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. मला यातला 'उतरायला शिकणं' हा भाग फार मोलाचा वाटतो. तुमच्या घरातल्या मुलीला पायरीवरून उडी मारायला सांगा आणि समोरून बघा. उतरताना गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का? झुकत असतील तर तेच सवयीनं मोडायचं असतं. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत, कंबर मागे, उतरणं मांजरीसारखं बिनआवाजी. महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय.

मुलींसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. एकाच खेळात एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलग्यांच्या दुपटीपासून कित्येक पट जास्त असतो असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. कमरेची ठेवण, संप्रेरकं, उतरण्याची ढब, अशी कारणं सांगतात आणि ती असतीलही. पण आमच्या भागातलं एक कारण मला रोज समोर दिसतं. मुलगे आठवी-नववीपासून जोर-बैठका काढतात, जिममध्ये जातात, कुणी काही म्हणत नाही. मुलींना खेळायला पाठवतात, ताकद कमवायला पाठवत नाहीत. 'मांड्या जाड होतील' असं एका आईनं मला सरळ सांगितलं. त्यात वजनी गटात बसण्यासाठी स्पर्धेआधी दोन दिवस उपाशी राहणं. पाळी तीन-तीन महिने येत नाही, हिमोग्लोबिन कमी, आणि कुणालाच त्यात काळजीचं काही वाटत नाही, उलट सोयीचंच वाटतं. पाळी थांबणं ही शरीरानं दिलेली नोटीस आहे. खाणं कमी पडतंय, आता हाडांतून उसनवारी सुरू झालीय, असा तिचा अर्थ. ही गोष्ट मी प्रत्येक मुलीच्या आईशी बोलते, बापालाही समोर बसवून बोलते.

हाडांचं आठवलं की भरतीवाली पोरं डोळ्यांसमोर येतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्याकडचे रस्ते पहाटे साडेचारला जागे होतात. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्या घोळक्यातून जाताना मला नेहमी भरून येतं. अंधारात नुसते श्वास आणि बुटांचे आवाज, पुढे कुणाचा तरी भाऊ मोटरसायकलवर वेळ लावतोय. कुणी शेतातून थेट आलेला, कुणी रात्रपाळी करून. यातले बरेचजण जाहिरात येईपर्यंत धावलेले नसतात आणि जाहिरात आल्यावर एकदम रोज धावायला लागतात, तेही डांबरावर, झिजलेल्या बुटांनी. स्नायू आणि छाती पटकन तयार होतात, दम वाढतो, हुरूप येतो. हाडाचं तसं नाही. नवा भार पडला की हाड आधी आपला थकलेला भाग काढून टाकतं, मग तिथं नवं भरतं. मधले काही आठवडे ते कमकुवतच असतं, आणि नेमकी तेव्हाच पोरं वेग वाढवतात. म्हणून नडगी पहिल्या आठवड्यात दुखत नाही, तिसऱ्या-चौथ्यात दुखायला लागते. एक्स-रे काढला तर सुरुवातीला काही दिसत नाही, मग 'काय नाही, पळ' असा सल्ला मिळतो. मी बोटानं नडगीवरून चाचपत जाते. लांबवर सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल तर भार कमी करून निभतं. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी, पोरगा एकदम पाय मागे घेत असेल आणि त्या पायावर एक उडीही मारू शकत नसेल, तर मी त्याचं धावणं तिथंच बंद करते. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेल्या पोराला हे सांगणं फार जड जातं. वयाची शेवटची संधी असणारे असतात. एकजण माझ्यासमोर ढसाढसा रडला होता. पण त्या तडकलेल्या हाडावर तो पळाला असता तर ते मैदानातच मोडलं असतं. जाहिरातीची वाट न बघता वर्षभर आठवड्यातून तीन दिवस पळा, जमेल तेवढं मातीवर पळा, आणि अंतर हळूहळू वाढवा, हे मी आता दहावीच्या वर्गांत जाऊन सांगते. जाहिरात कधी येईल ते कुणाच्या हातात नाही, हाड तयार ठेवणं हातात आहे.

तर ती मुलगी. ऑपरेशन झालं. मंडळानं त्यासाठी वर्गणी काढली, आणि हे मला कौतुकानं नोंदवायचंय. दूध डेअरीवर डबा ठेवला होता, बँडवाल्यांनी एका लग्नाचे पैसे दिले, दुसऱ्या गावच्या संघानंही पाठवले. मांडीमागच्या स्नायूची शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तिची नवी पट्टी गुडघ्यात बसवली. टाके निघाले. पहिले दीड-दोन महिने ती बापाबरोबर नेमानं आली. सुरुवातीचा व्यायाम बघणाऱ्याला व्यायाम वाटतच नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबायची. मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर अक्षरशः विसरतो की आपलं काम काय. ती डोळे मिटून, ओठ चावून दाबायची आणि स्नायू हलायचाच नाही. पाचव्या की सहाव्या खेपेला तो जरासा थरथरला तेव्हा ती एवढी हसली की शेजारच्या पलंगावरच्या आजीही हसल्या. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. फोन केला तर वडील म्हणाले, 'चालती की आता चांगली. उसाला पाणी द्यायचं, दुधाचं बघायचं, एसटीत दिवस जातोय मॅडम.' त्यांचंही खोटं नव्हतं.

ऑपरेशन हे शर्यतीचं सुरुवातीचं टोक आहे, हे लोकांच्या मनात कसं रुजवावं ते मला अजून नीट साधलेलं नाही. बसवलेली शीर नव्यानं रक्त धरून खरी पक्की व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. मधल्या काळात ती उलट कमकुवतही होते. दुखणं तर केव्हाच थांबलेलं असतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेमधल्या रुग्णांच्या एका अभ्यासात असं दिसलं, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं पुढे ढकललं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्यानं घटत गेला. माझ्याकडची पोरं पवन सेहरावतचं उदाहरण देतात. ऑक्टोबर २०२२मध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या मोसमात, सगळ्यांत महागडा खेळाडू म्हणून तो उतरला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा जायबंदी होऊन अख्ख्या मोसमाला मुकला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारतानं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 'बघा मॅडम, परत आला.' हो, आला, आणि मलाही त्याचा अभिमान वाटतो. मी पोरांना फक्त दोन्ही तारखांमधलं अंतर मोजायला लावते. एक वर्ष. ते वर्ष त्याला गुडघ्यासाठी देता आलं. उसाला पाणी द्यायला जावं लागलं नाही.

दिवाळीनंतर तिचा स्वतःहून फोन आला. यंदाच्या यात्रेत खेळू का, असं विचारत होती. म्हटलं, ये, बघू. आली ती केस कापून, अंगानं जरा भरलेली, चालणं एकदम व्यवस्थित. मी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर मांडीचा घेर मोजला. दोन्हींतला फरक टेपशिवायही दिसत होता. मग एका पायावर उभं राहून पुढे उडी मारायला सांगितलं. आधी चांगला पाय, जिथं उतरली तिथं खडूची रेघ. मग दुसरा. दुसऱ्या पायानं ती त्या रेघेच्या पाऊण वाटेपर्यंतही पोहोचली नाही, आणि उतरताना गुडघा आत कोसळला. निदान नव्वद टक्के अंतर तरी कापता आलं पाहिजे, तेही गुडघा सरळ ठेवून, तर पुढचं बोलायचं. महिने मोजून भागत नाही, ही रेघ गाठावी लागते. मी काही बोलायच्या आत तीच खाली वाकून खडूच्या दोन रेघांकडे बघत राहिली. मग विचारलं, 'किती दिवस लागतील? करते मी. सांगा काय करायचं ते.'

आता ती आठवड्यातून दोनदा येते. येते म्हणजे जमेल तेव्हा येते. एसटीत २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून निभतंय, तरी दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे कोण भरून देणार. यात्रेची तयारी सुरू झाली तशी मी मंडळाच्या बैठकीला गेले. सामन्यांच्या वेळा आधी सांगायचं त्यांनी लगेच मान्य केलं. अंग तापवायला कडेची जागा सोडायचंही ठरलं. दुखापत झाली तर खेळाडूला परत उतरवायचं की नाही ते मैदानावरच्या डॉक्टरांनी ठरवावं, प्रशिक्षकांनी नव्हे, यावर बरीच वादावादी झाली. 'मग सामन्यात जान काय राहिली?' असं एकजण म्हणाला. शेवटी तिचे तेच प्रशिक्षक उठले आणि म्हणाले, 'माझ्या हातनं तो निर्णय काढून घ्या. मला नको तो.' त्यावर सगळे गप्प झाले आणि मुद्दा वहीत लिहिला गेला. राहता राहिलं तिच्या भाड्याचं. खजिनदार म्हणाले, 'ऑपरेशनला लोक देतात मॅडम. एसटीला कोण देणार?' मी कागदावर हिशोब मांडून नेला होता: वर्षभराचं भाडं, बुडालेली रोजंदारी, माझी फी नाही. बेरीज तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसापेक्षा कमी येत होती. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढून एक आकडा दुरुस्त केला, कारण मी भाडं जुन्या दरानं लावलं होतं, आणि पुढच्या बैठकीच्या विषयांत पाचव्या नंबरवर लिहून घेतलं. बैठक रविवारी आहे.